भिंतीवरचा वेच

त्या वर्षी कापूस घरात राहायला आला आणि आम्ही माणसं अंगणात गेलो. भाव पडलेला, खरेदी आज सुरू तर उद्या बंद, आणि बाबांनी हट्टच धरला होता की असल्या भावाला एक बोंडही द्यायचं नाही. पहिला वेच, म्हणजे पहिल्या वेचणीचा कापूस, माजघरात पडला. दुसरा समोरच्या खोलीत. मग देवघराच्या कोनाड्यापर्यंत गंजी चढली, आणि देव एका टोपलीत घालून मायनं ओसरीवर आणले. ठिणगीच्या धाकानं चूल बाहेर आली, कंदील खुंटीवरून उतरून कडुनिंबाला टांगला गेला, आणि बाबांना विडी ओढायची झाली तर ते रस्त्याच्या पलीकडे जाऊन ओढत. भाकरीत तंतू निघायचा, वरणात तंतू निघायचा. अंगाला अशी खाज सुटायची की पाहुण्यासमोरही हात थांबत नसे. सगळ्यात वाईट म्हणजे घराचा आवाज गेला. कापूस आवाज खातो, हे ज्यांच्या घरात कधी गंजी लागली नाही त्यांना सांगून कळायचं नाही. दारात उभं राहून हाक मारली तर ती उंबऱ्याच्या आत दोन हातांवर मरून जायची. मी मुद्दाम आत तोंड घालून ओरडून पाहत असे आणि माय चुलीपासून म्हणायची, "काय भुताले बलावून राह्यली वो, सुमे?"

माझ्या पायाला तेव्हा भिंगरी होती. मॅट्रिक होऊन घरी बसले होते, पुढचं काही ठरत नव्हतं, आणि घरी बसायला घरच उरलं नव्हतं. पण माझ्याहून अस्वस्थ बाबा. भल्या सकाळी ते डांबरी रस्त्यापर्यंत जात, ट्रक दिसला की ड्रायव्हरला भाव विचारत, परत येत, चहाचा घोट घेत, पुन्हा जात. घाटंजीच्या बाजारातून येताना भाजीपेक्षा अफवाच जास्त आणत. "पुढच्या हप्त्यात चढते म्हनते." हा पुढचा हप्ता दिवाळीपासून येतच होता. त्यांनी विचारलं नाही असा माणूस आमच्या शिवारात राहिला नसेल. एकदा तर त्यांनी बांगड्या विकणाऱ्या कासारालाही कापसाचा भाव विचारला. मी हसले, तर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

अशात ताईला पुन्हा दिवस राहिले होते. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, लग्न होऊन बाभुळगावच्या बाजूला दिलेली. पहिल्या खेपेला ती माहेरी यायच्या आधीच सासरी अवचित बाळंत झाली, आणि मूल रडलंच नाही. एवढंच आम्हाला कळलं, आणि कळलं तेव्हा सगळं उरकलेलं होतं. त्यानंतर ताई बोलायची कमी झाली. यावेळी मात्र तिनं एकच गोष्ट धरून ठेवली होती, की बाळंतपण मायजवळ. दुसरं काही मागायची नाही, पण हे सोडायची नाही.

संक्रांतीचा तिळगूळ घेऊन ताईची सासू स्वतः आली. उंच, सुकी, कपाळावर मोठं कुंकू असलेली बाई. तिला ओसरीवर बसवून आम्ही उकडलेल्या तुरीच्या शेंगा दिल्या. तिनं एक शेंग सोलली, आत डोकावली, शिंकली, आणि शेंग तशीच खाली ठेवली.

"इहीनबाई, इथं बायंतीन ठेवता काय तुमी? कापसात?"

माय म्हणाली, "इकला की होते मोकळं घर."

"कवा?"

माय बाबांकडे पाहू लागली आणि बाबा रस्त्याकडे.

"मंग आयका. चार भितीची खोली पायजे. वारं आत नाई आलं पायजे, अन् कापसाचा येक पुंजका खोलीत दिसला नाई पायजे. महिन्यानं मी सुनेले बैलबंडीत घिऊन येतो. खोली पाहीन. नीट असंल तं ठेवीन, नाई तं त्याच बंडीत वापस नेईन. मंग मले दोष देजा नोका."

ती गेल्यावर मला इतका राग आला की मी तिच्या उरलेल्या शेंगा बैलांना घातल्या. माय मात्र उठून गोठ्यात गेली आणि खांबांना हात लावून पाहू लागली. आमचा गोठा म्हणजे सागाच्या खांबांवर कवेलूचं, म्हणजे कौलांचं, छप्पर, चारी बाजूंनी उघडं. छप्पर चांगलं होतं. नव्हत्या त्या भिंती. बैल कडुनिंबाखाली बांधले तर खोली होण्यासारखी होती, आणि आमच्याकडे भिंती म्हटलं की कुडाच्या. त्याला लागतं काय, तर पऱ्हाटी म्हणजे कपाशीची उपटलेली झाडं, बांबू आणि माती.

पऱ्हाटीची सोय बाबांच्या रागानं झाली. बाजारातून भाव आणखी उतरल्याची बातमी घेऊन आले ते तडक पऱ्हाट्या उपसायचा चिमटा घेऊन वावरात गेले आणि उभी कपाशी उपटायला लागले. माय मागून धावली.

"अवो, हिरवी बोंडं हायेत अजून! येक येच निघाला असता!"

"अन् तो कुठं ठिवतं? माह्या डोक्यावर?" बाबा चिमट्यावर सगळं अंग टाकत म्हणाले. संध्याकाळपर्यंत गोठ्याशेजारी पऱ्हाट्यांचा ढीग पडला, हिरव्या बोंडांसकट.

कुडाची भिंत दोघांनी बांधायची असते, एक आत आणि एक बाहेर. पऱ्हाट्या उभ्या लावायच्या, बूड खाली शेंडा वर, इतक्या दाट की हात आरपार जाऊ नये. मग आतून एक आणि बाहेरून एक अशा बांबूच्या चिरफळ्या आडव्या धरायच्या आणि पळसाच्या मुळांच्या दोरीनं त्या एकमेकींना आवळायच्या. बाहेरची बाई दाभणात दोरी ओवून आत खुपसते, आतली ओढून पुन्हा बाहेर देते. माय आत बसली, मी बाहेर. माझ्या हाताला घाई होती. दोरी ढिली राहिली की माय आतून पऱ्हाटीवर टिचकी मारायची आणि मला ती गाठ सोडून पुन्हा बांधावी लागायची. मी चरफडत असे. महिन्यानं येणारी बंडी मला तेव्हाच वाजताना ऐकू येत होती.

बोंडांचं काय करायचं, हा प्रश्न पहिल्याच दिवशी आला. एकेक तोडत बसलो असतो तर कुड पुरा व्हायला होळी आली असती. मायनं विचार केला आणि म्हणाली, "बोंडं आतल्या अंगाले घे. बाहीरून भित साफ दिसली पायजे. इहीन आंधी बाहीरूनच पाहीन. आतून मंग जाड लिपून टाकू." मला ते पटलं. विहिणीच्या डोळ्याला काय दिसेल याच्यापुढे आम्हा दोघींना दुसरं काही सुचत नव्हतं.

भिंत वर चढत गेली तशी माय मला दिसेनाशी झाली. आधी तिचे पाय गेले, मग मांडी, मग हात. शेवटी फक्त आतून येणारं दाभणाचं टोक आणि तिचा आवाज. आणि दिसेनाशी झाल्यावर माय बोलायला लागली. आयुष्यभर जी बाई चुलीकडे तोंड करून बोलली, ती त्या पऱ्हाट्यांआडून माझ्याशी मैत्रिणीसारखी बोलत होती. आज माझ्या यवतमाळच्या घराला सिमेंटच्या भिंती आहेत आणि शेजारीण पलीकडून स्टूल सरकवते तेही ऐकू येतं, पण भिंतीआडून कोणी माझ्याशी तसं पुन्हा बोललं नाही.

"सुमे, त्या खेपेले त्याइनं मले निरोप धाडला असता तं मी पायी गेलो असतो. रातोरात गेलो असतो."

"मंग काहून नाई धाडला?"

"तिलेच इचार. मी तं अजून इचारलं नाई." दोरी आत ओढली गेली. "पोरीले कोनं धरलं असंल, कोनं पानी पाजलं असंल, काईच ठाव नाई. मी गेलो तवा खोली सारवूनसुदिक झालती. वल होती जमीन. मी त्या वल्या जमिनीवर बसलो अन् मले रडूच येईना."

दाभण माझ्या हातात होतं. मी ते खुपसलं तर पलीकडून बराच वेळ कोणी दोरी धरली नाही. मग तिनं धरली, आणि नेहमीपेक्षा घट्ट आवळली. विहिणीचा मला आधी राग होता, त्या दुपारनंतर द्वेष वाटू लागला.

गाऱ्याला बाबा आले. माती, शेण आणि तुरीचं कुटार, म्हणजे भुसा, एकत्र भिजवून तुडवायचं काम होतं, आणि बाबांच्या पायांना त्या हंगामात पहिल्यांदाच कामाचं काही मिळालं. रस्त्याच्या फेऱ्या बंद करून ते गाऱ्यातच फेऱ्या मारत. गुडघ्यापर्यंत चिखल, आणि वरून आम्हाला हुकूम. बाहेरून आम्ही भिंती लिंपल्या, हातानं गुळगुळीत केल्या, वर पांढऱ्या मातीचा पोतारा दिला. आतलं लिंपण मायनं मागे ठेवलं. दोन्ही बाजूंनी एकदम लिंपलं तर भिंत आत ओली राहते आणि बाळंतिणीला ओल बाधते, असं तिचं म्हणणं. खालची जमीन मात्र चोपून सारवली, आणि ओल्या जमिनीत कोणाची पावलं उमटू नयेत, कोंबडी शिरू नये, म्हणून दाराला ताटी लावून दोरीनं बांधून टाकली. वरून माघाचं ऊन, कवेलू तापलेले, आणि आत कोणी फिरकायचं नाही. बाहेर आम्ही दाराभोवती गेरूची वेल काढत बसलो होतो. मला तर ती भिंत इतकी आवडली होती की येताजाता तिच्यावर हात फिरवत असे.

विहीण सांगितल्यापेक्षा लवकर आली. दुपारची वेळ होती, मी चुलीवर झुणका हलवत होते, आणि बंडीचा आवाज आला. जावई बैलांजवळ थांबले. ताई उतरली ती दोन्ही हातांनी पोट धरून, चेहरा सुजलेला. आमच्याकडे पाहून हसली आणि लगेच सासूकडे पाहिलं. आतलं लिंपण राहिलंय, हे मायनं सांगितलं. विहीण म्हणाली, "असू दे, पाहू तं द्या." ती भिंतीभोवती फिरली. बोटाच्या पेरानं ठोकून पाहिलं, कोपऱ्यात वारा लागतो का म्हणून गाल लावला. गेरूच्या वेलीपाशी थांबून "हे कोनं काढलं?" म्हणाली. मी म्हटलं, "मी." तिनं मान हलवली. माझा जीव जरा भांड्यात पडला. मग मायनं दोरी सोडली आणि ताटी बाजूला केली.

आत उजेड शिरला आणि भिंत पांढरी दिसली. समोरची भिंत, डावीकडची भिंत, खालपासून वरपर्यंत. बंद खोलीच्या उबेत, तापलेल्या कवेलूंखाली, सगळी बोंडं उकलली होती. काही पुरती, काही अर्धी, पण प्रत्येकातून कापूस बाहेर लोंबत होता. खोलीत एक पुंजका दिसला नाही पाहिजे म्हणाली होती ती बाई, आणि आम्ही तिला कापसाचं उभं वावर दाखवत होतो.

मायनं पदराचा बोळा तोंडाशी धरला. ताई दारातच खाली बसली आणि अगदी हळू म्हणाली, "मी नाई जात." सासूला म्हणाली नाही, कोणालाच नाही, त्या भिंतीलाच म्हणाली असेल.

विहीण आत शिरून भिंतीपाशी गेली. मग वळली.

"घरात दही हाये काय?"

आमच्याकडे घरातून निघणाऱ्याच्या तळहातावर दही ठेवतात. आम्ही तेच समजलो. म्हणजे बंडी परत निघणार, ताईला घेऊन. माय शिंक्यावरची दह्याची वाटी आणायला गेली. मी म्हणाले, "ताई कुठं जात नाई," आणि मोठ्यानं म्हणाले, वयाचा मान न ठेवता. विहिणीनं माझ्याकडे पाहिलं.

"भात असंल तं भातही आन वो, सुमन. नुसत्या दह्यानं सीतादही होते काय?"

सीतादही म्हणजे आमच्या भागातला कपाशीचा रिवाज. पहिला वेच सुरू करायच्या आधी घरची बाई वावरात जाऊन पऱ्हाटीची पूजा करते आणि दहीभात चारी दिशांना शिंपडते. मग बोंडाला हात. कापूस घरात येण्याआधी त्याला जेवू घालायचं. पण ते वावरात. भिंतीला कोणी सीतादही केल्याचं मी ना आधी ऐकलं, ना नंतर.

मी सकाळचा भात आणला. विहिणीनं दह्यात कालवला, भिंतीला हळदकुंकू लावलं, आणि खोलीच्या चारी कोपऱ्यांत मुठीमुठीनं भात टाकला. शेवटची मूठ टाकताना तिचा हात थांबला. मायकडे पाठ करूनच ती बोलली.

"इहीनबाई, त्या साली म्या सीतादही नोती केली. येचाले मजूर मिळाले, म्हनलं घाई करा, मंग करू. मंग राहूनच गेलं. अन् पोरगी त्याच महिन्यात..." तिनं वाक्य पुरं केलं नाही. "तुमाले निरोप धाडाची माही हिंमत नाई झाली. काय तोंड दाखवू, वाटे. तवापासून कापूस घरात पाह्यला का माहा जीव उडते."

मायनं जे विचारलं, ते तिनं भिंतीआडून मला सांगितलेलंच होतं. "पोरीले कोनं धरलं होतं?"

"म्या," विहीण म्हणाली. "म्याच धरलं होतं."

माय पुढे गेली आणि दह्याचे हात तसेच धरून तिला मिठी मारली. मी तोंड फिरवलं. मला रडू येत होतं आणि त्या बाईवर राग धरून ठेवायचाही होता. दोन्ही एकदम जमेना.

मग आम्ही भिंत वेचली. विहिणीनं पदर कमरेला बांधून ओटी केली, मायनं केली, मी केली. ताईला वर हात पुरेना, ती आत टाकलेल्या बाजेवर बसून खालची बोंडं वेचत होती आणि मधूनच कवचाचं टोक लागलं की "माय वो" करून बोट चोखत होती. सगळं मिळून एक गाठोडं निघालं. विहीण म्हणाली, "याची उशी करजा. सरकी नीट काढा, पोराच्या डोक्याले टोचली नाई पायजे." झुणका-भाकर जेवून ती बंडीत बसली. मुलगा शेजारी, मागे कोणी नाही. निघताना मायनं तिच्याही हातावर दही ठेवलं.

बाबा संध्याकाळी रस्त्यावरून आले. आम्ही सगळं सांगितलं. ते खोलीत गेले, उघड्या पडलेल्या पऱ्हाट्यांवरून हात फिरवत राहिले, गाठोडं हातात घेऊन त्याचं वजन पाहिलं. भाव विचारला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजारच्या दोन बंड्या मागून आणल्या आणि घरातला कापूस भरायला सुरुवात केली. "चढला काय भाव?" मायनं विचारलं. "कायचा चढते," बाबा म्हणाले, "पोरगी घरात आली पायजे का नाई?" खेपांवर खेपा करून त्यांनी घर रिकामं केलं. काय मिळालं ते सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. मायनं भिंतींवरचे तंतू झाडले, देव कोनाड्यात परत ठेवले.

आणि ताईनं घरात यायला साफ नकार दिला. "माह्यासाठी भिती बांधल्या ना? मंग मी तिथंच राहीन." बाबा आधी चिडले, मग हसले. त्या हंगामात मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. आतलं लिंपण आम्ही विहीण जाताना सांगून गेली होती तसं पातळ केलं आणि वाळवलं. मी आणि मायनं, यावेळी दोघी एकाच बाजूला बसून.

ताईच्या कळा सकाळी सुरू झाल्या. दाई आत, माय आत, मी दारात गरम पाण्याचं पातेलं घेऊन. विहिणीला निरोप पोचला होता, ती वाटेत होती. बाबांना कुठंच थांबवेना. रस्त्यावर गेले, आले, कडुनिंबाखाली बसले, उठले, आणि शेवटी रिकाम्या घरात शिरून आतल्या आत फेऱ्या मारू लागले. त्यांच्या पावलांचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. घराला त्याचा आवाज परत मिळाला होता. आत ताईचं कण्हणं थांबलं. मी पाणी खाली ठेवलं आणि त्या भिंतीला, बाहेरून, जिथं माझी वेल होती तिथं कपाळ टेकून उभी राहिले. इतकं शांत मला कधी नको होतं.

मग ते रडलं. बारीक, चिडकं, कुडातून सरळ बाहेर.

बाबा घरातून धावत आले. घरात भिंती मोकळ्या होत्या, आढं मोकळं होतं, तिथं तो आवाज घुमून पुन्हा ऐकू आला असला पाहिजे. उंबऱ्याला ठेचकाळले, मला धरलं, आणि माझे दोन्ही खांदे हलवत ओरडायला लागले, "आयकलं काय वो, सुमे? रडलं! दोनदा रडलं!"